हिलालभाऊंचं शुद्धिपत्र

हिलालभाऊ नव्या मुलाला आडनाव विचारत नसत. आमच्या भागात ओळख व्हायची म्हणजे आधी गाव, मग आडनाव आणि मग समोरच्याचं क्षणभर गप्प होणं, असा क्रम असतो. हिलालभाऊंचा प्रश्न एकच असे, "तुना घरपुढे झाड कोनतं शे?" शिरपूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला बाकांच्या रांगेनं हा प्रश्न विचारला. कोणी आंबा सांगितला, कोणी कडुनिंब. कॉलनीत राहणाऱ्या एका मुलीनं कुंडीतला गुलाब सांगितला, तर "ते झाड नही, ते पाहुनं शे," असं ते म्हणाले. माझी पाळी आली तेव्हा मी घुटमळले. आमचं घर नरडाण्याला, औद्योगिक वसाहतीच्या कुंपणापलीकडे. तिथं झाड असं कोणी लावलेलंच नव्हतं. आपोआप उगवलेली रुई तेवढी होती. मी हळूच "रुई" म्हणाले आणि मागच्या बाकावर हसू फुटलं. रुई उगवते ती उकिरड्यावर आणि पडीक जागेत, हे सगळ्यांना माहीत असतं.

हिलालभाऊ हातातली परीक्षानळी पुसत म्हणाले, "मंग तुनाकडे रुईवाला येत व्हई."

त्यांनी कपाटाच्या दारावर चिकटवलेला एक फोटो दाखवला. तांबूस-नारिंगी पंख, काळी किनार, टोकाशी पांढऱ्या टिकल्या. मी ओळखलं. लहानपणी आम्ही भावंडं रुईच्या पानांवरून काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या आणून रिकाम्या डब्यात पाळायचो. काही दिवसांनी त्यांचा हिरवा कोष व्हायचा, त्यावर सोन्याच्या टिकल्या असायच्या, आणि एका सकाळी त्यातून हेच फुलपाखरू निघायचं. मी ते सांगितलं, तेव्हा वर्गात कोणी हसलं नाही. आपल्या घरामागच्या उकिरड्यावर काही शिकण्यासारखं घडत होतं, हे मला त्या दिवशी कळलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्या दिवशी दुपारी नरडाण्याची बस पकडताना मला वाटलं, इथं आपलं जमेल.

हिलालभाऊ प्राध्यापक नव्हते. ते प्रयोगशाळेतले परिचर, म्हणजे लॅब अटेंडंट. काचपट्ट्या धुणं, सूक्ष्मदर्शक पुसून ठेवणं, बरण्यांमधलं द्रव्य बदलणं, ही त्यांची नेमणूक. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, डोक्यावर पांढरी टोपी. शिक्षण दहावी. सरांशी बोलताना ते जपून पुस्तकी मराठी बोलत आणि आमच्याकडे वळले की खान्देशी. मुलींना "माय" म्हणत, मुलांना "भाऊ". फुलपाखराला ते नुसतं पाखरू म्हणत. माघ संपत आला, की उन्हाळा अंगावर यायच्या आधीचे वीस-पंचवीस दिवस हा माणूस प्रयोगशाळेत शरीरानं असे, एवढंच. पळस फुललेला, मोह गळायला लागलेला, नाले आटत आलेले. या दिवसांत पाखरं उरल्यासुरल्या ओलीजवळ गोळा होतात. सुटी मिळाली की हिलालभाऊ सातपुड्याच्या पायथ्याकडे जाणारी पहिली बस पकडत. खिशात मोबाइल, आणि मोडक्या भिंगातून काढलेली काच रबरानं त्या मोबाइलला बांधलेली. सोबत एक जाड वही.

त्या वहीत तीस वर्षांच्या नोंदी होत्या. कोणतं पाखरू, कोणत्या झाडावर, किती वाजता, ऊन कसं होतं. नावं बहुतेक त्यांनीच ठेवलेली, आणि ती बरीचशी झाडावरून. रुईवर वाढतो तो रुईवाला. लिंबावरचा लिंबूशेठ. काळ्याभोर पंखांवर पांढरे चंद्र असलेला एक नर त्यांनी चांदवाला म्हणून लिहिला होता. त्याची अळी घोळाच्या भाजीवर वाढते, असं त्यापुढे कंसात होतं. त्यांचा नियम ठरलेला होता, "आधी झाड देख, मंग पाखरू." आंब्याचं झाड न पाहता फांदीवरच्या पाखराकडे धावणाऱ्या मुलाला ते परत पाठवत, झाडाला एक फेरी मारून यायला लावत.

एका पाखराचं नाव मात्र त्यांनी ठेवलेलं नव्हतं, ते आधीपासूनच लोकांत होतं: हळदीकुंकू. पंख मिटले की खालून पिवळे आणि लाल ठिपके दिसतात म्हणून. हे पाखरू उंच उडतं, आणि अंडी घालतं आंब्यावरच्या बांडगुळावर. एकदा त्यांच्या गल्लीतल्या आंब्याचं बांडगूळ फुललं आणि तिथं ही पाखरं खाली उतरू लागली. हिलालभाऊंनी कार्यालयात अर्ज दिला, "हळदीकुंकवासाठी अर्ध्या दिवसाची रजा मिळावी." सगळं कार्यालय हसलं. अधीक्षकांनी बोलावून विचारलं, की तुम्ही पुरुष माणूस, तुम्हाला कोणी बोलावलं? भाऊंनी सगळं समजावून सांगितलं. रजा मंजूर झाली, पण अर्जावर लाल शाईत शेरा आला, "येताना वाण आणावे." दुसऱ्या दिवशी भाऊंनी खरंच वाण नेलं. त्या पाखराच्या फोटोची प्रत, कागदात गुंडाळून. अधीक्षकांच्या टेबलाच्या काचेखाली ती मी स्वतः पाहिली आहे.

तिसऱ्या वर्षी मी प्रकल्पासाठी फुलपाखरंच घेतली, म्हणून मला त्यांच्याबरोबर जायला मिळालं. आम्ही तीन-चार मुली असायचो. पहिल्या दिवशी मी एका पाखरामागे शेताच्या बांधावरून धावले आणि चप्पल तुटली. भाऊ जागचे हलले नव्हते. "पयू नको माय," ते म्हणाले, "तू पयनी का ते उडनंच." मग त्यांनी आपली पद्धत दाखवली. आटलेल्या नाल्यात एका दगडावर बाटलीतलं थोडं पाणी शिंपडलं. डोक्यावरची टोपी काढून घामानं भिजलेली तिची आतली बाजू वर करून दगडाशेजारी ठेवली, आणि सावलीत जाऊन बसले. घामातल्या मिठाला पाखरं येतात. अर्ध्या तासात टोपीवर सात-आठ निळी-पिवळी पाखरं बसली होती. मोह वेचून डोक्यावर टोपली घेऊन जाणारी एक पावरा आदिवासी बाई थांबली. म्हातारा उघड्या डोक्यानं बसलाय आणि टोपीला ऊन दाखवतोय, हे पाहून तिला हसू आवरेना. भाऊ तिला म्हणाले, "अक्का, जन्मात मी एवढासलेच टोपी घाली." आम्ही हसलो. ते हसले नाहीत, फोटो काढत होते.

एक गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली. नोकरीच्या सुरुवातीला पाखरं पकडून, टाचणीनं टोचून पेट्यांत लावणं हे त्यांचंच काम होतं. हात इतका बसला होता, की तेव्हाचे सर दुसऱ्या कॉलेजांत त्यांच्या पेट्या दाखवायला नेत. एका शनिवारी टोचलेलं पाखरू सोमवारी पेटी उघडली तर पंख हलवत होतं, आणि टाचणीभोवती बुचावर त्यानं अंडी घातली होती. "तठे पान बी नव्हतं," एवढंच ते म्हणाले. पेट्या लावणं पुढे वरून आदेश येऊन बंद झालं. भाऊंनी आपल्या हातानं ते आधीच बंद केलं होतं, आणि त्यासाठी बरीच बोलणी खाल्ली होती.

त्या वर्षी कॉलेजनं परिसरातल्या फुलपाखरांवर पुस्तिका काढायचं ठरवलं. यादी सरांची, पण नोंदी आणि फोटो सगळे हिलालभाऊंचे. आमचे विभागप्रमुख सर मनानं चांगले होते. त्यांनी ठरवलं, की मुखपृष्ठावर भाऊंचा फोटो घ्यायचा आणि आत त्यांचं नाव छापायचं. परिचराचं नाव कॉलेजच्या पुस्तकात येण्याची ती पहिलीच वेळ. भाऊंनी वर्षानुवर्षांच्या फोटोंतून एक निवडला. नुकत्याच सरलेल्या माघातला, केळीच्या मळ्याच्या बांधावरचा. सकाळचं कोवळं ऊन, रुईची जांभळी फुलं आणि त्यावर पंख पसरून बसलेला रुईवाला. इतके स्वच्छ फोटो मी आजवर फारसे पाहिलेले नाहीत. भाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला तो मोबाइलवर दाखवत. त्यांच्या पत्नीनं तर धुळ्याच्या बहिणीला फोन करून सांगितलं होतं, की यांचं नाव पुस्तकात येतंय.

फोटोंखालच्या ओळी संगणकावर भरायचं काम माझ्याकडे होतं. मुखपृष्ठाचा फोटो मोठा करून पाहिला आणि माझा हात थांबला. रुईवाल्याच्या खालच्या पंखावर, मधोमध, तीन-चार काळे ठिपके असतात, बाळाला तीट लावावी तसे. आमच्या डब्यातून निघालेल्या प्रत्येक रुईवाल्याला ते होते. या फोटोतल्या पाखराला मधे ठिपकाच नव्हता. वरच्या कडेला एकच होता. मी प्रयोगशाळेतलं पुस्तक काढून पाहिलं. रुईवाला चवीला कडू, म्हणून पक्षी त्याला खात नाहीत. त्याचा फायदा घेऊन एक दुसरी जात हुबेहूब त्याच्यासारखी दिसते. तीही सगळी नाही, फक्त मादी. नर वेगळाच दिसतो, काळा, पांढऱ्या चंद्रांचा. म्हणजे मुखपृष्ठावर होती ती चांदवाल्याची मादी, आणि खाली नाव जाणार होतं रुईवाल्याचं.

मी दोन दिवस कोणाला बोलले नाही. माझे वडील औद्योगिक वसाहतीत हमाली करतात. त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, की ज्यानं बोट धरून चालवलं त्याचं पाऊल चुकलं हे चार लोकांत कसं सांगायचं. मलाही तेच वाटत होतं. भाऊंनी आयुष्यभर सगळ्यांना शिकवलेला नियमच इथं त्यांना चकवून गेला होता. झाड रुईचं, म्हणून पाखरू रुईवाला. ही चूक त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाची होऊ शकली नसती. शेवटी मी विभागप्रमुख सरांकडे गेले. सरांनी फोटो पाहिला, पुस्तक पाहिलं, मान हलवली. मग म्हणाले, "तुझं बरोबर आहे. पण राहू दे. ठिपके कोण मोजणार आहे? साधा माणूस आहे, आयुष्यात एकदा नाव छापून येतंय, खूश होऊ दे." मला सुटल्यासारखं वाटलं. मी ओळ तशीच ठेवली आणि मजकूर धुळ्याच्या छापखान्यात गेला.

पण त्यानंतर भाऊंसमोर उभं राहणं मला जड जाऊ लागलं. ते फोटो दाखवायला लागले की मी काहीतरी कारण काढून बाहेर जायची. चार-पाच दिवसांनी, दुपारी प्रयोगशाळेत कोणी नसताना, मी त्यांच्यासमोर पुस्तक उघडून ठेवलं आणि सांगितलं. त्यांनी भिंग घेतलं. आधी पुस्तकातलं चित्र पाहिलं, मग आपला फोटो, मग पुन्हा चित्र. भिंग पुसून पुन्हा पाहिलं. "हां," एवढं म्हणाले, टोपी नीट केली आणि काचपट्ट्या धुवायला गेले. पुढचे दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी काही विचारलं तर "सरांना विचारा" असं म्हणत. मला अहो-जाहो, आणि पुस्तकी मराठीत. खान्देशी बंद झाली, याचंच मला सगळ्यात वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, की पहिल्या बसनं ये, सोबत मैत्रिणीला घे. आम्ही त्या केळीच्या मळ्यावर गेलो. बांधावर रुई तशीच फुललेली होती. भाऊ तिच्याकडे फिरकले नाहीत. केळीच्या रांगांमधे, पाण्याच्या पाटाशी घोळ माजली होती, तिथं ते उकिडवे बसले. आम्ही मागे. ऊन चढलं तसं एक नारिंगी पाखरू जमिनीलगत रेंगाळत आलं. घोळाच्या एका पानावर टेकलं, पोटाचं टोक वाकवलं, उठलं, पुढच्या पानाला गेलं. अंडी घालत होतं. पंख पसरले तेव्हा आम्ही तिघांनी पाहिलं, मधे ठिपका नव्हता. मग ते उडालं आणि सरळ बांधावरच्या रुईच्या फुलावर जाऊन बसलं, मध प्यायला. भाऊंनी मोबाइल खिशातून काढलाच नाही. बराच वेळ बघत बसले आणि मग खांदे हलवत हसायला लागले. "देख वं माय," ते म्हणाले, "बायको चांदवालानी, आनि लुगडं रुईवालानं नेशी फिरस. तीस वरीस मी लुगडंच देखी राहिनू."

उठता उठता त्यांनी वही काढली. पहिल्याच पानावर, मोठ्या अक्षरांत त्यांचा नियम लिहिलेला होता. तो त्यांनी खोडला नाही. खाली नवी ओळ लिहिली, "जठे बसनं, ते त्यानं झाड नही. अंडं कोठे घालस ते देख." आणि तारीख घातली. घरी जाताना बसमधे त्यांनी मागच्या वर्षांच्या सगळ्या नोंदी काढल्या. जिथं रुईवाला लिहिला होता पण फोटो नव्हता, तिथं प्रत्येक ठिकाणी पेन्सिलनं प्रश्नचिन्ह केलं. अशी पानंच्या पानं होती. माझ्यानं ते बघवेना. मी म्हणाले, भाऊ, त्यातले बरेचसे खरे रुईवालेच असतील. ते म्हणाले, असतीलही, पण वाटलं ते लिहायचं नाही, दिसलं तेवढंच लिहायचं.

धुळ्याला छापखान्यात आम्ही दुसऱ्याच दिवशी गेलो. मुखपृष्ठं छापून झाली होती. मालक म्हणाले, आता काही होणार नाही, फार तर शुद्धिपत्र छापून देतो, आत चिकटवा. विभागप्रमुख सरांना ते आवडलं नाही. पुस्तिका उघडल्याबरोबर चूक दिसणार, कॉलेजचं हसं होईल, असं त्यांचं म्हणणं. भाऊ त्यांच्यासमोर हात जोडून उभे होते, पण आवाज नेहमीसारखाच होता. "सर, पाहिजे तर माझं नाव काढा. चिठ्ठी राहू द्या." सर थोडा वेळ कागद चाळत राहिले आणि मग बरं म्हणाले.

चिठ्ठीचा मजकूर भाऊंनी स्वतः लिहिला. मुखपृष्ठावरील फुलपाखराचे नाव चुकले आहे, ती चांदवाल्याची मादी आहे, शास्त्रीय नाव अमुक. फोटो काढणाऱ्याला ओळखता आली नाही. त्याखाली स्वतःचं नाव. आणि त्याखाली, "चूक दाखवणारी" असं लिहून माझं नाव, वडिलांच्या नावासकट. माझे वडील ती पुस्तिका आजही घरी आलेल्या माणसाला दाखवतात. मुखपृष्ठ दाखवत नाहीत, चिठ्ठीच उघडतात.

पुढे मी एम.एस्सी. केलं. आता बोदवडला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. भाऊ निवृत्त झाले तरी माघात त्यांचे फोटो माझ्या मोबाइलवर येत, सोबत अंड्याचा फोटोही असे. गेल्या हिवाळ्यात ते गेले. थोड्याच दिवसांचं आजारपण होतं. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. त्यांच्याविषयी लिहायला बसले की मला नाला, टोपी, पळस असं बरंच आठवतं. पण जी दुपार मी कोणाला सांगितली नव्हती, ती सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही.

आम्ही दोघं प्रयोगशाळेत चिठ्ठ्या चिकटवत होतो. वाटीत खळ, शेजारी पुस्तिकांचा ढीग. मी धीर करून विचारलं, की भाऊ, तुम्हाला माझा राग आला होता का. ते म्हणाले, "उना ना. दोन दिन जेवन गोड लागनं नही." मग एक चिठ्ठी बोटानं दाबत विचारलं, की मला सांगायच्या आधी सरांना सांगितलं होतंस ना. मी हो म्हणाले. सर काय म्हणाले, असं त्यांनी विचारलं नाही. स्वतःच म्हणाले, "म्हनेल व्हई, राहू दे, खूश व्हऊ दे त्याले." मी पुढच्या चिठ्ठीला खळ लावली. त्यांनी आणखी दोन-तीन पुस्तिका पुऱ्या केल्या. मग खळीचे हात पंच्याला पुसले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तीस वरीस लिखी राहिनू मी. बठ्ठा लोकस्नी वा भाऊ, वा भाऊ कयं. पन मनी वही आजपावत कोनी तपासेल नव्हती, माय."